गुलदार निवतीच्या समुद्रात: जहाज बुडवण्याआधी काय, बुडवल्यावर काय?

निळाई | ७ मार्च २०२५

गेल्या महिन्यात, २२ फेब्रुवारीला, कारवारच्या नौदल तळावर 'आयएनएस गुलदार' हे निवृत्त जहाज महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिलं गेलं. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ ते समुद्रतळावर बसवायचं, त्याचं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम खडप (म्हणजे समुद्रजीवांना आसरा देणारी खडकासारखी जागा) करायचं आणि पाणबुडीतून पर्यटकांना दाखवायचं अशी योजना आहे. माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि मी डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखाली डाइव्ह करणाऱ्यांना नेणारी मार्गदर्शक, त्यामुळे बातमी आल्यापासून फोनवर अभिनंदनाचे निरोप येताहेत. आनंद मलाही आहेच. पण वर्तमानपत्रांतली वर्णनं वाचून वाटतं की जहाज तळाला टेकलं की काम झालं, पुढचं समुद्र बघून घेईल, अशी सगळ्यांची समजूत आहे. ती समजूत जहाज बुडायच्या आधी बदलायला हवी, म्हणून हा धागा.

आधी जहाजाबद्दल. गुलदार कुंभीर वर्गातलं, म्हणजे रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. पोलंडमध्ये बांधलेलं, ३० डिसेंबर १९८५ ला गदिनियात नौदलात दाखल झालं आणि १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालं. लांबी साधारण ८४ मीटर, वजन ११०० टनांच्या वर. नाकाशी उघडणारे दरवाजे आणि आत रणगाडे उभे करायची लांबलचक मोकळी जागा. डाइव्ह करणाऱ्या माणसांच्या दृष्टीने हे फार आकर्षक आहे आणि तितकंच धोक्याचं. त्यावर खाली लिहिते.

निवतीसाठी जहाजाची ही पहिली योजना नाही, हेही आठवून द्यायला हवं. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'विराट' ही निवृत्त विमानवाहू युद्धनौका याच निवतीच्या समुद्रात उभी करायला मंजुरी दिली होती. खर्चाचा आकडा होता ८५२ कोटी रुपये. पुढे काही झालं नाही आणि विराट अलंगला भंगारात गेली. त्यामुळे यावेळी योजना खरंच पाण्यापर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं. मात्र ती नीट पोचावी.

स्वच्छ केलेलं पोलादी जहाज उष्ण समुद्रात गेलं की पहिल्या काही दिवसांत त्यावर जिवाणू आणि शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. मग बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव), शिंपले, स्पंज, मऊ प्रवाळ. कठीण प्रवाळ आलाच तर सगळ्यात शेवटी येतो, आणि त्याला स्वच्छ पाणी आणि उजेड लागतो. आपल्याकडे जूनपासून चार महिने नद्यांचं लाल पाणी समुद्रात उतरतं. पावसानंतर बुडी मारलेल्यांना माहीत आहे, हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. तेव्हा लाल समुद्रातल्या जहाजांचे रंगीबेरंगी फोटो दाखवून 'निवतीला असं होणार' असं कोणी सांगत असेल तर ते पर्यटकांना आणि गावाला दोघांनाही फसवणं आहे. निवतीला स्पंज, कालवं, मऊ प्रवाळ, आणि मासे मात्र भरपूर, असं काहीतरी होईल. तेही सुंदरच असतं.

कृत्रिम खडपाच्या नावाखाली जगाने काय काय समुद्रात टाकलंय ते आठवा. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलसमोर १९७० च्या दशकात सुमारे २० लाख जुने टायर गठ्ठे बांधून तळाला सोडले, मासे येतील म्हणून. बांधणीचे पट्टे तुटले, टायर वादळांत सुटून शेजारच्या जिवंत प्रवाळावर आपटत राहिले. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे लावून ते उपसायचं काम सुरू झालं. टाकायला दोन-तीन वर्षं लागली, काढणं अजून संपलेलं नाही.

आणि निवतीला आधीपासून खडप आहे! नैसर्गिक, जिवंत, फुकट. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८. निवतीचे खडक त्याच्या बाहेर येतात. तिथे आत्ता काय जगतंय याची नीट नोंद झाल्याशिवाय जहाज 'उपयोगी पडलं' की 'नुकसान करून गेलं' हे दहा वर्षांनी कोण कशावरून सांगणार?

जाणकारांनी लिहावं. जहाजात काम केलेले, मासेमारी करणारे, समुद्रजीव शिकणारे, परदेशात अशा जहाजांवर डाइव्ह केलेले, सगळ्यांचे प्रतिसाद हवे आहेत.

जुना_चीफ | ७ मार्च २०२५

निळाईताई, चांगला विषय काढलात. मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं, त्यामुळे सफाईबद्दल लिहितो, कारण ९० टक्के पैसा आणि १०० टक्के मनस्ताप तिथेच असतो.

लोकांना वाटतं तेल काढलं की जहाज स्वच्छ. तेल हे सगळ्यात सोपं. इंधनाच्या टाक्या रिकाम्या करा, वाफेने धुवा, आत माणूस उतरवून फडक्याने पुसून बघा. पण प्रत्येक पाइपच्या वळणात, प्रत्येक पंपाच्या पोटात, हायड्रॉलिकच्या बारीक नळ्यांत तेल राहतं. बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या अगदी तळाच्या पोकळीत, चाळीस वर्षांचा चिखल असतो. तो फावड्याने काढावा लागतो.

मग खरी डोकेदुखी. जुन्या केबलींच्या वेष्टनात, गॅस्केटात, काही रंगांत पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. ते विरघळून जात नाही, माशांच्या चरबीत साठत जातं. एक्झॉस्टच्या पाइपांवर आणि बॉयलरवर अॅस्बेस्टॉसची गुंडाळी. पाण्याखालच्या भागाला पूर्वी कथिलाची संयुगं असलेला रंग लावत. शिंपल्या-गोगलगायींना तो इतका घातक की आंतरराष्ट्रीय कराराने २००८ पासून त्याच्यावर बंदी आली. वरून नवा रंग मारला तरी खाली जुन्या रंगाचे थर असतातच. शिवाय फोम, प्लॅस्टिक, शीतकरणाचा वायू, बॅटऱ्या, पारा असलेली उपकरणं.

फ्लोरिडातल्या 'की वेस्ट'ला २००९ मध्ये 'व्हँडेनबर्ग' हे जुनं जहाज कृत्रिम खडपासाठी बुडवलं, त्या प्रकल्पाचा एकूण खर्च ८६ लाख डॉलर झाला. त्यातला मोठा वाटा सफाईचा. बुडायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

अमेरिकेच्या सागरी प्रशासनाने २०१२ साली धोरण बदलून १९८५ पूर्वी बांधलेली जहाजं कृत्रिम खडपासाठी देणं थांबवलं, कारण हेच पीसीबी. गुलदार १९८५ च्या डिसेंबरात दाखल झालं, म्हणजे बांधणी आधीची. पोलंडमध्ये तेव्हा कुठलं साहित्य वापरलं हे इथे बसून कोणी सांगू शकत नाही. नमुने काढून प्रयोगशाळेत तपासणं एवढाच उपाय. आपण मागणी करायची ती हीच: केबल, गॅस्केट, रंग यांच्या नमुन्यांचे अहवाल बुडवण्याआधी लोकांसमोर ठेवा. २००९ साली लंडन करार (समुद्रात टाकाऊ वस्तू टाकण्यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कृत्रिम खडपांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती समोर धरून काम करा. काही नवीन शोधून काढायची गरज नाही.

खडपावरचो | ८ मार्च २०२५

मी निवतीचो. घरात होडी आसा, आजून गरवूक जातंव. वरचां सगळां वाचलंय.

तुमी जहाजाबद्दल बोलतास, माका खडपाबद्दल बोलूचा आसा. आमचे आजे-पणजे थयसर गरवीत. हेकरू, तांबोशी, शेवंड, ह्यां सगळां खडपाचां. जहाज बुडयल्यार मासो जहाजाकडे जातलो, ह्यां खरां. मगे तुमी म्हणतलास हय जाळां टाकूक बंदी, हय होडी आणूक बंदी. आणि भायरसून मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले रातचे लायटी लावन बाजूकच मासो ओढून नेतले. मगे आमच्या वाट्याक काय?

आमचो इरोध नाय. पण गावात बैठक घेवन नकाशो दाखवा. जहाज खंय बसयतास, बंदी किती लांब, ती कोणाक. आमचां जाळां अडाकला तर भरपाय कोण देतलो? ह्यां लिवन दिल्याशिवाय कोण होय म्हणाचो नाय.

निळाई | ८ मार्च २०२५

दादा, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी पूर्ण सहमत आहे.

जहाजाभोवती मासे गोळा होतात, पण गोळा झालेले मासे पकडायलाही सोपे होतात. आधी चार मैलांत विखुरलेले हेकरू एका ८४ मीटरच्या लोखंडाभोवती आले, तर ज्याच्याकडे मोठी बोट आणि जीपीएस आहे तो एका रात्रीत सगळे उचलून नेऊ शकतो. मासेमारीचा नियम न ठरवता बुडवलेलं जहाज हे खडप नसतं, तो सापळा असतो. म्हणून बंदीचं वर्तुळ हवंच. ते मोठ्या यांत्रिक बोटींना पूर्ण लागू असावं, आणि गळाने मासे मारणाऱ्या गावच्या होड्यांना वर्तुळाबाहेरच्या जवळच्या पट्ट्यात पहिला हक्क असावा, असं माझं मत. वर्तुळाच्या कडेला दिव्याचे बोये (तळाला बांधलेल्या तरंगत्या खुणा) हवेत आणि जागा सागरी नकाशावर चढायला हवी.

जाळ्याचं तर पाणबुड्यांच्या जिवाशी नातं आहे. तंगूसचं, म्हणजे बारीक नायलॉनचं, जाळं पाण्यात जवळजवळ दिसत नाही. जहाजावर अडकून सुटलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे मारत राहतं आणि आपल्या टाकीच्या व्हॉल्व्हला कधी अडकतं कळत नाही. भरपाई मिळणार असेल तर कोळी जाळं अडकल्याचं लगेच कळवेल, ते काढता येईल. भरपाई नसेल तर तो गप्प राहील. दोघांचं हित एकच आहे.

प्रवाळवाचक | ८ मार्च २०२५

समुद्री जीवशास्त्र शिकते आहे. दोन-तीन गोष्टी.

कृत्रिम खडपामुळे मासे वाढतात की नुसते एकत्र येतात, हा वाद शास्त्रज्ञांत कित्येक दशकं चालू आहे. उत्तर जागेनुसार बदलतं. तळ सपाट वाळूचा असेल आणि लपायला जागाच नसेल, तर पिल्लांना आसरा मिळून खरी वाढ होऊ शकते. शेजारी नैसर्गिक खडप असेल तर तिथले मासे इकडे सरकण्याची शक्यता जास्त. निवतीला शेजारी खडप आहे, म्हणून निळाईताईंनी विचारलेला आधीच्या नोंदीचा प्रश्न अगदी बरोबर. केवळ जहाजावर किती मासे दिसले हे मोजून उपयोग नाही. जहाज, जवळचं खडप आणि दूरचं, जहाजाचा परिणाम न पोचणारं खडप, असं तिन्हीकडे, बुडवण्याआधी आणि नंतर, एकाच पद्धतीने मोजावं लागतं.

दुसरं, लोखंड. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा प्रवाळद्वीपावर १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज अडकून बुडालं. पुढे आजूबाजूच्या प्रवाळावर कोरॅलिमॉर्फ नावाचा, प्रवाळाचाच पण सांगाडा न बनवणारा नातेवाईक पसरत गेला आणि त्याने मोठा पट्टा गिळून टाकला. त्या समुद्रात लोहाची मुळातच टंचाई असते, जहाजाच्या गंजाने ती भरून निघाली आणि आक्रमक जीव फोफावले, असं मानलं जातं. शेवटी ते जहाज तुकडे करून बाहेर काढावं लागलं. कोकणात जांभ्याची लाल माती दर पावसाळ्यात समुद्रात येते, लोहाची टंचाई नाही, त्यामुळे तोच प्रकार जसाच्या तसा इथे होईल असं मी म्हणणार नाही. पण जहाज प्रवाळाच्या अगदी अंगाला खेटून बसवू नये, वाळूच्या पट्ट्यात बसवावं, एवढा धडा घ्यायलाच हवा.

तिसरं, नव्या कोऱ्या पृष्ठभागावर सगळ्यात आधी चपळ आणि आक्रमक जीव बसतात. ब्राझीलमध्ये नारंगी सूर्यप्रवाळ तेलविहिरींच्या सांगाड्यांवरून आणि जहाजांवरून पसरला आणि स्थानिक जीवांची जागा बळकावत गेला. गुलदार अंदमानहून कारवारला आणि आता इकडे येतंय. बुडवण्याआधी तळ खरवडून साफ केला नाही तर तिकडचे जीव आपण स्वतः आणून सोडू.

सगळं कृत्रिम खडप जहाजाचंच असायला हवं असंही नाही. केरळात तिरुवनंतपुरम किनाऱ्यावर ४२ ठिकाणी सिमेंटचे मिळून ६३०० ठोकळे टाकायचा प्रकल्प खास छोट्या मच्छीमारांसाठी आखला गेला. आपल्याकडे वरळी कोळीवाड्याजवळ २०२४ मध्ये २१० ठोकळे बसवले. ठोकळ्याला ना तेल, ना रंग, ना केबल. मासे वाढवणं हाच हेतू असेल तर ठोकळे जहाजापेक्षा स्वस्त आणि निर्धोक. जहाज हवंय ते पर्यटनासाठी, हे मोकळेपणाने मान्य केलं तर चर्चा प्रामाणिक होईल.

माडाखाली | ८ मार्च २०२५

पर्यटनासाठी हवंय, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तारकर्लीला आमचं घरगुती निवासाचं काम आहे. ऑक्टोबर ते मे हंगाम, त्यात खरी गर्दी दिवाळी, नाताळ आणि मे. बाकी दिवस खोल्या रिकाम्या. पाण्याखालचं जहाज झालं तर चार दिवस राहणारा, शिकून डाइव्ह करणारा माणूस येईल. आत्ता येतो तो सकाळी येऊन संध्याकाळी गोव्याला जाणारा.

माझी मागणी एकच. तारकर्लीला महामंडळाची स्कूबा संस्था आहे, तिथे निवती, भोगवे, वायरी या गावांतल्या मुलांना आधी प्रशिक्षण द्या. जहाज आमच्या समुद्रात आणि डाइव्हमास्टर सगळे बाहेरचे, असं व्हायला नको. होड्या चालवणाऱ्यांनाही पाण्याखाली माणसं असताना इंजिन कसं वापरायचं ते शिकवा. गंमत म्हणून नाही सांगत, पाणबुड्यांच्या बुडबुड्यांवरून बोट गेलेली मी पाहिली आहे.

गल्फकोस्टकर | ९ मार्च २०२५

मूळचा मालवणचा, सध्या फ्लोरिडात पेन्साकोलाजवळ राहतो. इथली 'ओरिस्कनी' ही विमानवाहू युद्धनौका १७ मे २००६ रोजी बुडवली. ३७ मिनिटांत तळाला गेली. आता जगभरचे पाणबुडे तिच्यासाठी इथे येतात. मी स्वतः तिच्या वरच्या मजल्यांभोवती डाइव्ह केली आहे. निळ्या पाण्यात खाली बघावं तर तिचा मनोरा इमारतीसारखा वर येताना दिसतो. अंबरजॅकचे थवे त्याच्याभोवती फिरत असतात, आणि रेलिंगवर हात ठेवावा म्हटलं तर इंचभरही मोकळं पोलाद सापडत नाही.

चीफसाहेबांनी लिहिलेला पीसीबीचा मुद्दा इथलाच. केबलींच्या वेष्टनात सुमारे ३०० किलो पीसीबी ठेवूनच ती बुडवली, धोक्याचं गणित मांडून परवानगी मिळाली. नंतर तिथले मासे तपासत राहिले आणि सुरुवातीच्या काळात काही माशांत पीसीबीचं प्रमाण वाढलेलं आढळलं. तपासत राहिले म्हणून कळलं. आपल्याकडे तपासणीचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढलेले असावेत.

वादळांचं लिहायलाच हवं. फ्लोरिडातच 'की लार्गो'ला २००२ मध्ये 'स्पीगल ग्रोव्ह' बुडवायची होती. १५५ मीटरचं जहाज. ते वेळेआधीच बुडू लागलं, उलटं झालं आणि नाक पाण्याबाहेर काढून अडकून बसलं. पुन्हा पैसे खर्चून ते कुशीवर पाडलं. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, डेनिस चक्रीवादळाने ते अख्खं जहाज सरळ उभं केलं. हजारो टनांचं पोलाद वादळ असं हलवतं. ओरिस्कनीसुद्धा २००८ च्या वादळात आणखी तीनेक मीटर खाली खचली. आता २०२१ चं तौक्ते आठवा. ते सिंधुदुर्गासमोरूनच वर गेलं. गुलदार तर या दोघींपेक्षा कितीतरी हलकं. ते किती खोल बसवतात आणि कसं जखडतात यावर त्याच्या शेजारच्या खडपाचं भवितव्य आहे.

या आठवड्यात इथे सगळे दुसऱ्याच जहाजाबद्दल बोलताहेत. 'एसएस युनायटेड स्टेट्स', १९५२ चं, एके काळचं अटलांटिक पार करणारं सगळ्यात वेगवान प्रवासी जहाज, फेब्रुवारीत फिलाडेल्फियाहून ओढत आणलं आणि ३ मार्चला अलाबामातल्या 'मोबाईल' नावाच्या बंदरात पोचलं. फ्लोरिडातली ओकालूसा काउंटी (तिथला जिल्हा) ते आधी महिनोन्महिने साफ करणार आणि मग बुडवणार. जगातलं सगळ्यात मोठं कृत्रिम खडप होईल म्हणतात. ते आणि गुलदार एकाच वेळी या वाटेवर आहेत. इथली सफाईची माहिती जाहीर होईल तशी मी या धाग्यावर टाकत जाईन.

पहिल्यांदाच | ९ मार्च २०२५

माहितीपूर्ण धागा. मला पोहता येत नाही, मागच्या वर्षी मालवणला किल्ल्याजवळ स्कूबा केलं होतं. खूप मजा आली, माशांना पाव भरवला, व्हिडिओ पण मिळाला. हे जहाज मलाही बघता येईल का?

निळाई | ९ मार्च २०२५

स्वागत! तुम्ही केलीत ती ट्राय डाइव्ह. उथळ पाण्यात इन्स्ट्रक्टर तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवतो. जहाजावर तसं नेता येत नाही. साधा ओपन वॉटर कोर्स केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं, अॅडव्हान्स्ड केला की ३० पर्यंत. जहाजाच्या आत शिरायला त्याच्याही पुढचं वेगळं प्रशिक्षण लागतं. पोहायला शिका, कोर्स करा, नक्की बघाल. तोवर पाणबुडी सुरू झाली तर काचेतून बघता येईलच.

पावाबद्दल मात्र लिहिते, कारण ते तुमच्यापैकी कोणी मुद्दाम केलेलं नसतं, बोटीवरच हातात देतात. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले ते मासे पाव दिसला की तोंडासमोर गर्दी करतात, व्हिडिओ छान येतो. पण तेच मासे एरवी खडपावरचं शेवाळही खातात, आणि मैद्यावर जगायला लागले की ते कमी होतं. धीट मासे वाढतात, लाजाळू मासे जागा सोडतात. गुलदारवर पहिल्या दिवसापासून पाव, बिस्किट बंद असायला हवं.

जहाजावरची शिस्त खडपापेक्षा कडक असते. लाल समुद्रातलं 'थिसलगॉर्म' घ्या. १९४१ मध्ये बाँबहल्ल्यात बुडालेलं ब्रिटिश मालवाहू जहाज, आत अजून मोटरसायकली आणि ट्रक उभे आहेत. पर्यटकांच्या बोटी वर्षानुवर्षं थेट त्याच्या रेलिंगला दोर बांधत राहिल्या आणि लाटांच्या हिसक्यांनी रेलिंग, डेकचे भाग उखडले. २००७ मध्ये तिथे बोटी बांधायला बोये बसवले, आणि जहाजाच्या छतांना भोकं पाडली. भोकं का? आत शिरलेल्या पाणबुड्यांनी सोडलेली हवा छताखाली अडकून राहते आणि तिथलं लोखंड झपाट्याने गंजतं. आपला नुसता श्वाससुद्धा जहाजाला खातो.

तेव्हा गुलदारवर एकही नांगर पडता कामा नये. जहाजापासून वेगळ्या वजनांवर बसवलेले कायमचे बोये, बोटींची रोजची मर्यादा, आणि एका वेळी पाण्यात किती माणसं याचा हिशेब. डाइव्ह करणाऱ्याने बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं, आधी उथळ पाण्यात सिद्ध करून दाखवायची. ज्याला तळापासून हातभर वर स्थिर राहता येत नाही त्याचे फिन गाळ उडवतात, आणि बंद जागेत गाळ उडाला की बाहेरचा रस्ता दिसेनासा होतो. स्पीगल ग्रोव्हमध्ये २००७ साली तीन पाणबुडे असेच आत शिरले आणि परत आले नाहीत. गुलदारच्या रणगाड्यांच्या डेकबद्दल मी वर म्हटलं ते यासाठी. चीफकाका, त्या डेकला दोन्ही बाजूंनी मोठी भोकं पाडता येतील ना?

जुना_चीफ | ९ मार्च २०२५

येतील, पाडायलाच हवीत. डेकवर कुठेही असलात तरी दोन बाजूंना दिवसाचा उजेड दिसला पाहिजे, असा हिशेब ठेवून प्लेट कापायची. कापलेल्या कडा घासून बोथट करायच्या, नाहीतर त्या रबरी सूट आणि नळ्या फाडतात. सगळे दरवाजे, झाकणं बिजागरीसकट काढायची. अर्धवट उघडं दार गंजून कधी मिटेल सांगता येत नाही. इंजिनरूम मात्र वेल्डिंग करून कायमची बंद करावी. तिथे बघण्यासारखं खूप असतं, म्हणूनच माणूस अडकतो.

नाकाचे दरवाजे उघडे ठेवून वेल्ड करावेत. त्यातून आत बघणारा डोळा सुखावेल आणि पाणी वाहतं राहील. पाणी वाहतं राहिलं की आतल्या भिंतींवरही जीव बसतात.

स्फोटक वापरायचं की झडपा उघडून पाणी भरायचं, हेही ठरवावं लागेल. मी झडपांच्या बाजूचा. स्फोटाने मासे मरतात, आणि त्या भागात डॉल्फिन असतात.

प्रवाळवाचक | ९ मार्च २०२५

झडपांना माझाही पाठिंबा. आवाजाचा त्रास डॉल्फिनना फार लांबपर्यंत होतो.

आधीच्या नोंदीचं काय करायचं? शासकीय सर्वेक्षण होईल तेव्हा होईल. आपण साधी पद्धत वापरून सुरुवात करू शकतो. ५० मीटरची टेप तळाला अंथरायची, तिच्या दोन्ही बाजूंचे मासे मोजायचे, दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहायचं: खडक, वाळू, शेवाळ, स्पंज, प्रवाळ. त्याच जागांचे जीपीएस आकडे आणि फोटो ठेवायचे. हात कशालाही लावायचा नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडाही उचलायचा नाही. माझ्या विभागातून पाण्याखाली लिहायच्या पाट्या आणि टेप मिळतील. परवानगीचं पत्र मी आजच तयार करते.

निळाई | ९ मार्च २०२५

मी येते, माझ्यासोबत दोन अनुभवी पाणबुडे येतील. पावसाळ्याआधीच करायला हवं, मे महिन्यात वारा सुटला की निवतीला होडी थांबत नाही. जागा दाखवायला गावचं माणूस हवं. तिघांच्या टाक्या आणि ऑक्सिजनचा संच आम्ही घेऊन येऊ. खडपावरचो दादा, होडी मिळेल का? डिझेल आणि दिवसाची मजुरी आम्ही देऊ.

खडपावरचो | १० मार्च २०२५

होडी माझी. रामनवमीच्या आदल्या दिसाक भांग, म्हणजे बारीक भरती, आसा, पाण्याक जोर नसतलो. फाटफटी भायर पडाक व्हया, धा वाजल्यार वारो येता. शेवंड खंय रवता तां मी दाखयतंय, पण तो जीपीएसचो आकडो हय धाग्यार लिवू नकात.

प्रवाळवाचक | १० मार्च २०२५

मान्य. शेवंडाच्या जागांचे आकडे फक्त नोंदवहीत राहतील, अहवालात त्या जागांना क्रमांक देऊ. परवानगीचं पत्र आलं की इथे कळवते.